हंगामी नको

हिल्का लाहतेलानं सत्तरी गाठली तेव्हा तिच्या मालकीची मोकळी जमीन म्हणजे घराची दक्षिणेची भिंत आणि गाडी लावायचा सिमेंटचा कट्टा यांच्यामधला एक पट्टा होता. लांबीला एक होडी मावेल एवढा, रुंदीला जेमतेम दोन पावलं. आणि इतकी वर्षं तिथं होडीच होती. तिच्या नवऱ्याची, अर्वोची. अर्वो गेल्यावर मुलगा रेयो ती होडी आपल्याकडे घेऊन गेला आणि ताडपत्रीखाली दडलेली माती उघडी पडली. राखाडी, दगडासारखी घट्ट, खड्यांनी भरलेली. तिच्यात गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं.

"शनिवारी ट्रकभर खडी आणून टाकतो," रेयो म्हणाला. "नंतर काही बघायलाच नको."

"मला बघायलाच पाहिजे काहीतरी," हिल्का म्हणाली. "फुलं लावणार आहे मी."

रेयोनं आईकडे नीट पाहिलं. आईनं जन्मात कधी फूल लावलेलं त्याला आठवत नव्हतं. आठवणार कसं? कॅनडातल्या थंडर बेच्या उत्तरेला जिथं जिथं जंगल तोडलं गेलं तिथं तिथं हिल्का स्वैपाकीण म्हणून गेली होती. लाकूडतोड्यांच्या एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात. साठ-सत्तर माणसांचं जेवण, अंधार असतानाच चूल पेटवायची, आणि जेवणाच्या टेबलावर कुणी बोलायचं नाही असा तिचा नियम. एकदा एका मुकादमानं घेवड्याला करपल्याचा वास येतोय असं म्हटलं, तर हिल्कानं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन तो माफी मागायला आला तेव्हा कुठं त्याला नाश्ता मिळाला. असा तिचा दरारा होता. पण माती, बी, रोप यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. त्यात दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. आत लोखंड घातलेलं होतं. चालता यायचं, पण वाकायचं म्हटलं की जीव जायचा.

शेजारच्याच घरात तिची नणंद इंपी राहायची. अर्वोची थोरली बहीण, वय सत्त्याहत्तर, स्वतःची गाडी स्वतः चालवायची आणि त्याचा तिला फार अभिमान. दर उन्हाळ्यात इंपीच्या ओसरीला गुलाबी पेट्युनियाच्या टोपल्या टांगलेल्या असायच्या. सगळी गल्ली त्यांचं कौतुक करायची. दर मे महिन्यात ती स्लेट रिव्हरकडे हाउसमन नावाच्या डच माणसाच्या रोपवाटिकेत जाऊन नव्या टोपल्या आणायची. त्या वर्षी हिल्का तिच्या गाडीत बसली.

काचघरात शिरल्या शिरल्या इंपी पेट्युनियांकडे वळली. हिल्का मधेच उभी राहून रोपांच्या रांगा बघत राहिली. हाउसमन पुढं आला. उंच, वाकलेला, नाकावर माती लागलेला माणूस.

"काय दाखवू?"

"एकदा लावलं की दरवर्षी आपलं आपण येणारं काय आहे?"

"बहुवर्षायू म्हणताय. ती पलीकडची सगळी बाजू तीच आहे. हे डेल्फिनियम बघा. निळं, माणसाच्या छातीएवढं वाढतं."

"टेकू लागतो?"

"लागतो थोडा. वाऱ्यानं मोडतं."

"नको. माझ्या स्वैपाकघरात टेकू लागणारा माणूस मी एक दिवस ठेवला नाही. पुढचं."

हाउसमनला गंमत वाटली. त्यानं गुलाब दाखवला. हिल्कानं विचारलं, खातो काय, आजारी पडतो का, हिवाळ्यात पांघरूण लागतं का. तिन्हींची उत्तरं ऐकून तिनं मान हलवली. कॅम्पात नवा हरकाम्या आला की ती त्याला असंच उभं करून विचारायची. किती खातोस, थंडीत कुरकुर करतोस का, रविवारी पितोस का. ज्याला कमी लागायचं आणि जो कमी बोलायचा तो राहायचा.

"माती कशी आहे तुमची?" हाउसमननं विचारलं.

"वाईट."

"पाणी?"

"पाऊस पडेल तेवढंच. मला बादली उचलता येत नाही. वाकताही येत नाही. ऊन दिवसभर असतं. आणि हिवाळ्यात कट्ट्यावर मीठ टाकून वितळवलेलं बर्फ तिथंच लोटतात."

हाउसमननं गाल खाजवला. मग त्यानं चार-पाच कुंड्या काढून ओळीनं मांडल्या. डेलिली, फूल एका दिवसाचं पण झाड कुणाच्या बापाला न जुमानणारं. सायबेरियन आयरिस, नावातच थंडी. यारो, जिला खत घातलं तर ती उलट बिघडते. जाड पानांचं सेडम, जे पाणी पानातच साठवतं आणि सप्टेंबरात, बाकी सगळं थकल्यावर, फुलतं. आणि कडेला जमिनीलगत पसरायला फ्लॉक्स.

"जागा लहान आहे म्हणता, तर पाचच जाती घ्या," तो म्हणाला. "प्रत्येकीची तीन-तीन रोपं. वीस जाती एकेक घेतल्या तर पट्टा जुन्या बाजारासारखा दिसतो. आणि अंतर सोडा. आत्ता रिकामं वाटेल, पण ती भरतात."

"कधी भरतात?"

"तिसऱ्या वर्षी बघण्यासारखं होईल."

तेवढ्यात दोन्ही हातांत टोपल्या घेऊन इंपी आली. तिनं कुंड्यांमधले हिरवे तुरे पाहिले, हाउसमनचं बोलणं ऐकलं आणि हसली.

"तीन वर्षं? अगं हिल्का, आपल्या वयाला हंगामी फुलं बरी. आज लावा, पुढच्या आठवड्यात बघा. तीन वर्षांचा भरवसा कुणी द्यायचा?"

हाउसमननं उगाच एका कुंडीतलं पिवळं पान खुडलं.

"तुझ्या वयाला म्हण," हिल्का म्हणाली. "माझ्या वयाचं मी बघते." आणि हाउसमनला म्हणाली, "सगळी घ्या गाडीत. तीन-तीन."



माती खणायला रेयो आला, पहारीनं. हिल्कानं स्वैपाकघरातली खुर्ची बाहेर आणली आणि बसून सूचना दिल्या. इथं नाही, तिथं. अजून खोल. अजून अंतर. रोपं लावून झाली तेव्हा तो पट्टा एखाद्या टकलावर राहिलेल्या केसांसारखा दिसत होता. पंधरा तुरे आणि मधे नुसती माती.

त्या उन्हाळ्यात इंपीच्या पेट्युनिया ओसंडून वाहिल्या. हिल्काच्या पट्ट्यात एका यारोला दोन फुलं आली, तीही मळकट पांढरी. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारायचे, "काय पेरलंय हो? बटाटे का?" गावातल्या फिनिश लोकांच्या हॉलच्या तळघरातल्या खानावळीत कॉफीला जमणाऱ्या बायकांमध्ये इंपीनं सांगून ठेवलं होतं की आमच्या हिल्कानं माती लावली आहे, ती छान वाढते आहे. हिल्काच्या कानावर ते आलं. ती इंपीला म्हणाली, "होय, चांगली माती आहे. खाऊन बघ."

जूनच्या शेवटी मिडसमरच्या सणाला चर्चच्या बायका तळ्याकाठी दोन दिवस राहायला गेल्या. शेकोटी, सौनातलं वाफेचं स्नान, मासे. हिल्काही गेली. परत आली तेव्हा रेयोची गाडी दारात होती आणि पट्टा गुलाबी झाला होता. तुऱ्यांच्या मधल्या सगळ्या रिकाम्या जागेत पेट्युनिया ठासून लावल्या होत्या. इंपी आपल्या ओसरीवरून बघत होती.

"कुणी केलं हे?"

रेयो हसत पुढं आला. "आत्यानं रोपं दिली, मी लावली. तुझी झाडं मोठी होईपर्यंत तेवढंच बरं दिसतं. कसं वाटतंय?"

"उपट."

"आई, अगं—"

"तू उपट, नाहीतर मी वाकते. मग कंबरेतलं लोखंड निसटलं की मला उचलायला तूच ये."

"फुलंच आहेत ती. इतकं काय त्यात?"

हिल्कानं हातातली पिशवी खाली ठेवली. ती आवाज चढवणारी बाई नव्हती. कॅम्पातही तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच लोक घाबरायचे.

"रेयो, मी जन्मभर जे केलं ते संध्याकाळपर्यंत संपलं. पाव भाजला, संपला. सूप केलं, संपलं. ताटं धुवून टाकली की मी दिवसभर काही केलं होतं याची खूण म्हणजे उष्ट्याचं पिंप. तेही रात्री अस्वलं साफ करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी कुरकुरले नाही, पगार मिळत होता. पण आता मला अशी एक गोष्ट पाहिजे की जी मी एकदाच करीन आणि नंतर ती आपल्या पायांनी परत येईल. ही तुझी गुलाबी बाई सप्टेंबरात मरणार, मग पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा तिच्यासाठी राबायचं. नाही राबणार. उपट."

रेयोनं ओसरीकडे पाहिलं. इंपी घरात निघून गेली होती. त्यानं गुडघे टेकले आणि एकेक रोप मुळासकट काढून खोक्यात ठेवलं. मध्ये एकदा त्यानं मान वर न करता विचारलं, "हे तू कधी बोलली नाहीस." हिल्का म्हणाली, "जेवताना बोलायचं नाही असा नियम होता."

खोकं इंपीच्या पायरीवर गेलं. त्यानंतर कितीतरी आठवडे इंपी बोलली नाही. पण सौना हिल्काच्याच तळघरात होता, त्यामुळं शनिवारी ती टॉवेल घेऊन नेमानं यायची, वरच्या फळीवर बसायची, एकही शब्द न बोलता तापलेल्या दगडांवर इतकं पाणी ओतायची की वाफेनं हिल्काचे कान भाजायचे. हिल्का उठली नाही. इंपीही उठली नाही. दोघी लालभडक होऊन बाहेर यायच्या आणि आपापल्या घरी जायच्या.

पुढच्या वसंतात बर्फ वितळलं तेव्हा पट्ट्यात चिखल आणि काळी कुजकी पानं. फ्लॉक्स मिठानं मेला होता. यारोचे राखाडी कोंब दिसू लागले, सेडमच्या कोबीसारख्या गाठी दिसल्या, डेलिलीची टोकं आली. आयरिसचा पत्ता नव्हता. इंपी तोवर पुन्हा बोलायला लागली होती, कारण न बोलता टोमणे मारता येत नाहीत.

"गेलं ते," ती कुंपणावरून म्हणाली. "खणून टाक. तिथं अजून पेट्युनियाला वेळ आहे."

"झोपलंय."

"मेलेलं माणूसही झोपल्यासारखंच दिसतं."

"मग तू झोपतेस तेव्हा आम्हाला कळायचं कसं, इंपी?"

हिल्कानं खणलं नाही. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन ती खुर्चीवर बसायची आणि त्या काळ्या जागेकडे बघायची. आणि एका सकाळी मातीतून सुरीच्या टोकासारखी हिरवी पाती वर आली. तिनं कुणाला हाक मारली नाही. कॉफी संपवली, आत गेली.

त्याच आठवड्यात घरातलं पाणी बंद झालं. त्या हिवाळ्यात थंडी जमिनीत फार खोल उतरली होती, आणि रस्त्यापासून घरापर्यंत येणारा जुना नळ कुठंतरी खाली फुटला होता. नळकाम करणारा झेनॉन नावाचा एक जाडजूड पोलिश माणूस दोन मदतनीस आणि खणायचं यंत्र घेऊन आला. त्यानं रस्त्यापासून घरापर्यंत चुन्याची रेघ मारली. रेघ सरळ पट्ट्यामधून गेली.

"इथून खणावं लागणार, बाई."

"खणा. पण आधी झाडं हातानं काढा. मुळाखालची मातीसुद्धा उचलायची, आणि सावलीत ताडपत्रीवर ठेवायची."

झेनॉननं त्या बोटभर कोंबांकडे पाहिलं. "ही झाडं? यात अर्धा दिवस जाईल. मला दुपारी दुसरीकडे पोचायचंय."

"मग दुसरीकडे जा. मी तळ्यातून पाणी आणून पिईन."

"तळं दोन मैल लांब आहे."

"मला माहीत आहे कुठं आहे ते."

ती खुर्ची घेऊन चुन्याच्या रेघेवर जाऊन बसली. यंत्राचं इंजिन चालूच होतं. झेनॉननं मदतनिसांकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग त्याला काहीतरी सुचलं.

"बरं. आम्ही हातानं काढतो. पण मग कॉफी आणि काहीतरी खायला द्यायचं. तुम्ही कॅम्पात होता ना? माझा काका सांगायचा तुमच्या पॅनकेकबद्दल."

"तुमच्या काकाला पगारात जेवण होतं. मी आता कुणाला खाऊ घालत नाही. तुम्हाला कामाचे पैसे मिळणार आहेत, काम नीट करा."

झेनॉन पोट धरून हसला. त्यानं इंजिन बंद केलं. तिघांनी फावडी घेतली. हिल्का खुर्चीवरून सांगत होती, अजून लांबून घाला फावडं, पिल्लू उचलल्यासारखं उचला, पानाला हात नको, मातीला हात. अर्ध्या तासानं इंपी वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफीची किटली घेऊन आली. हिल्कानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मी माझ्या घरून आणलंय," इंपी म्हणाली. "माझं मी कुणालाही घालीन." आणि पाव वाटून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली. एका मदतनिसानं आयरिसचा गड्डा एका हातानं उचलला तेव्हा ती हिल्काच्या आधी ओरडली, "दोन्ही हातांनी रे, मेल्या."

नळ बसला, खड्डा भरला, झाडं परत जागेवर गेली. पण उपटलं गेलेलं झाड रुसतंच. त्या वर्षी एकही फूल आलं नाही. इंपीनं बोटं मोजून दाखवली. "म्हणजे तुझी तीन वर्षं आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग पहिल्यापासून," हिल्का म्हणाली.

त्या हिवाळ्यात तिला छातीत कफ झाला आणि ती बरेच दिवस दवाखान्यात होती. रेयो तिच्या उशाशी बसून घर विकायचा विषय काढत होता, हळूहळू, आडवळणानं. वृद्धांसाठी नव्या इमारती झाल्या आहेत, खाली जेवणाची सोय आहे, जिना नाही. हिल्का डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिथं जमीन आहे?" रेयो म्हणाला, गच्चीत कुंड्या ठेवता येतात. "कुंडीत मुळं गोठतात," ती म्हणाली आणि कूस बदलली. एप्रिलात ती घरी आली, काठी घेऊन, बारीक होऊन, आणि पहिल्यांदा पट्ट्याशीच जाऊन उभी राहिली.

फुलं आली ती त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. जूनमध्ये आयरिस, गर्द निळी, एका गड्ड्यावर इतकी की पात्या दिसेनात. ती ओसरताहेत तोवर डेलिलीचे पिवळे दांडे वर आले. रोज सकाळी नवी फुलं, रोज संध्याकाळी ती मिटलेली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नवी, कुणी काही न करता. यारो भिंतीपाशी सगळीकडे घुसली होती, तिला दटावून मागं ठेवावं लागत होतं. फ्लॉक्सची जागा तिनंच बळकावली होती. हिल्का पाणी घालत नव्हती. ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारून बसला, गल्लीतल्या टोपल्या माना टाकू लागल्या, आणि सेडम आपली जाड पानं घेऊन उभं होतं, कळ्या धरून.

लोक थांबायला लागले. बटाट्यांबद्दल विचारणारेही थांबले. पाद्रीबाबांची बायको एका सकाळी कात्री घेऊनच आली. वेदीवर ठेवायला थोडी फुलं हवी होती.

"कापायची नाहीत," हिल्का म्हणाली.

"देवासाठी हो."

"देवाला पत्ता माहीत आहे. इथं येऊन बघू दे."

ही गोष्ट गावभर झाली. काहींना ती हसण्यासारखी वाटली, काहींना फार उद्धट. हिल्काला दोन्हींचं काही वाटलं नाही.

सप्टेंबरात सेडम लाल झालं आणि मधमाश्यांनी गजबजलं. हाउसमन गावात आला होता तो मुद्दाम पट्टा बघायला वळला. हात मागं बांधून त्यानं एक फेरी मारली.

"दाटी झाली आहे. पुढच्या वसंतात गड्डे विभागा. एकाचे चार होतील. जागा नसेल तर वाटून टाका, लोक आवडीनं नेतात."

"वाटायला मी लावली नाहीत," हिल्का म्हणाली. तिची नजर पट्ट्यापलीकडं, गाडी लावायच्या सिमेंटच्या कट्ट्यावर गेली होती. अर्वोची गाडी विकून किती वर्षं झाली होती. कट्ट्यावर नुसतं ऊन पडलेलं होतं.

वसंतात तिनं रेयोला फोन केला आणि सिमेंट फोडायचं यंत्र भाड्यानं घेऊन ये म्हणाली. तो आला, पण यंत्र गाडीतून काढायच्या आधी बराच वेळ बोलला. गाडी लावायला जागा नसलेलं घर कुणी घेत नाही, किंमत पडेल, पुढं कधी विकायचं झालं तर काय.

"जो घेईल त्याला सांग, गाडी रस्त्यावर लाव."

"आणि मी आलो की मी कुठं लावू?"

"रस्त्यावर."

इंपी कुंपणापाशी आली. डोक्याला रुमाल बांधलेला. "सगळी धूळ माझ्या टोपल्यांवर येणार."

"आत ने टोपल्या."

"मला उचलवत नाहीत आता."

हिल्कानं रेयोला खूण केली. त्यानं आत्याच्या टोपल्या एकेक करून उतरवून तिच्या घरात ठेवल्या. इंपी त्याच्या मागोमाग आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खुर्ची होती. ती तिनं कुंपणाच्या फाटकातून आणून हिल्काच्या खुर्चीशेजारी मांडली, थोडी हलवून सरळ केली आणि बसली.

आवाज लागू नये म्हणून रेयोनं कानांवर पट्टी चढवली. पहिल्या ठोक्याला सिमेंटला नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्याला चीर गेली. तो थांबला, घाम पुसला आणि आईकडे वळून म्हणाला, "इथं काय लावणार आहेस, ते तरी सांग. किती खोल जायचं ते कळेल."

"अजून ठरवलं नाही," हिल्का म्हणाली. "तू फोड."